वजनकाट्याचा उपास

आमचं घर आणि काकीचं घर यांच्यात एकच भिंत होती, त्यामुळे आमच्याकडे काही लपून राहत नसे. काकीने कुळथाची पिठी ढवळायला घेतली की पळीचा आवाज आमच्या चुलीपाशी यायचा, आणि आमच्या आईच्या फोडणीत लसूण जास्त पडला की पलीकडून काकी ओरडायची, "गो, आज पावना हाय का काय?" दोन्ही घरांतले पुरुष मुंबईला. बाबा आणि काका शिमग्याला नि गणपतीला यायचे, चार दिवस घरात जाड आवाज आणि हिंदी शब्द घुमायचे, मग एसटी त्यांना घेऊन जायची आणि घर पुन्हा बायकांचं व्हायचं. आई, काकी, मी, माझी चुलत बहीण तनू आणि दोन म्हशी. तनू माझ्याहून वर्षाने मोठी, खांद्याने रुंद, हसली की भिंतीपलीकडे कळायचं. ती भात खायची ते बघत राहावं असं. ताटात भाताचा डोंगर, मधे वालाच्या बिरड्याचं तळं, आणि तो डोंगर चारी बाजूंनी पोखरत पोखरत ती मधे पोचायची. काकी नुसती तिच्या ताटाकडे बघून पोट भरल्यासारखी बसायची.

अठ्ठाविसाव्या वर्षी कुणी आठवणी लिहीत नाही, हे मला सांगितलं गेलं आहे. "आधी म्हातारी तर हो," असं एका सरांनी सुचवलं. मी म्हातारी होईपर्यंत किती पोरी उपाशी धावतील, ते त्यांनी आधी सांगावं. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. गावोगावच्या क्रीडा मंडळांत जाते आणि मुलांना सांभाळायचं कसं त्याचे कागद वाटते. पत्रकात चवीला जागा नसते. म्हणून हे प्रकरण.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणकडे चढणाऱ्या डोंगरांच्या पोटात. भात कापून झालं की वाडीखालचं मोठं खाचर रिकामं व्हायचं. मग आम्ही पोरी त्यातली धसकटं उपटायचो, ढेकळं फोडायचो, जमीन चोपून शेणाने सारवायचो आणि राखेने रेषा मारायचो. झालं कबड्डीचं मैदान. संध्याकाळी गुरं परतली की खाचरातून तनूचा दम ऐकू यायचा, "कबड्डी कबड्डी कबड्डी", न थांबता, न अडखळता, वाहत्या पऱ्ह्यासारखा. चढाईला गेलेल्या गड्याने परत येईपर्यंत श्वास सोडायचा नाही, हा खेळाचा नियम. तनूचा दम इतका लांब होता की समोरच्या संघातल्या पोरी तिला पकडायचं विसरून ऐकत उभ्या राहायच्या. डोंगराला आपटून तो परत यायचा, आणि आई म्हशीचं दूध काढता काढता म्हणायची, "आली बघ, अजून जिवंत हाय."

आमचा प्रशिक्षक विलासदादा. बिरवाडीच्या एका कारखान्यात पाळीने काम करायचा आणि पाळी संपली की मोटारसायकल दामटत वर यायचा. अंगाला रसायनाचा वास, खिशात शिट्टी. पोरींचा संघ काढायचं त्याच्याच डोक्यातून निघालं. गावकीच्या बैठकीत एक म्हातारा म्हणाला होता, "पोरी अर्ध्या चड्डीत खेळनार?" तेव्हा विलासदादा म्हणाला, "तुमी डोले मिटून घ्या, आबा. तसंबी तुमाला कमीच दिसतं." आम्ही त्याच्यावर जीव टाकायचो. तो वाईट माणूस नव्हता, आणि माझं सगळं भांडण इथूनच सुरू होतं. वाईट माणूस ओळखायला पत्रक लागत नाही. पोरांचं भलं करता करता त्यांना पिळणारा चांगला माणूस, त्याच्यासाठी लागतं.

त्या वर्षी महाडला मुलींचे सामने लागले. एक पन्नास किलोचा गट आणि एक खुला. खुल्या गटात मोठ्या मोठ्या कॉलेजच्या पोरी, त्यामुळे विलासदादाने आम्हाला पन्नासात घालायचं ठरवलं. आता वजन करायचं तर वाडीत काटा कुठला? तो आम्हाला खाली रस्त्यावरच्या भातगिरणीत घेऊन गेला. पोत्यांचा काटा, शेजारी भुश्शाचा ढीग, आणि पोत्यांवर बसलेली, भरडणीची वाट बघणारी सगळी पुरुषमंडळी. एकेकीला काट्यावर उभं करायचं आणि विलासदादा आकडा मोठ्याने वाचायचा, जसा पोत्याचा वाचतात. तनू उभी राहिली आणि काटा पन्नासाच्या पुढे चांगला सरकला. पोत्यावरचा एकजण म्हणाला, "हिला दोनदा भरडायला लागल!" सगळे हसले. तनूही हसली. पण परत येताना सबंध चढणभर तिने ओढणी पुढून दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती ओढणी तिने त्याआधी कधी नीट घेतलीच नव्हती.

मंडळांच्या बैठकीत मी हे सांगते तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, "पण ताई, हात कुणी लावला का?" नाही लावला. हात लावल्यावरच जागे होणार असाल तर तुमच्या जागं होण्याचा उपयोग काय? पोरीला पोत्यांच्या काट्यावर उभी करून चारचौघांत तिचा आकडा ओरडणं, मंडळातल्या एखाद्या गतिमंद मोठ्या माणसाला मध्यंतरात लोकांच्या हसण्यासाठी नाचवणं, हेही मी त्याच कागदात छापते. मग बैठकीत चहा येतो आणि विषय बदलतो. मी चहा पिऊन पुन्हा तोच विषय काढते.

तर वजन पाडायचं होतं. सामन्यांना जेमतेम आठवडा. विलासदादाला ठाऊक होतं, आमच्या आयांना जाऊन "पोरींना जेवायला घालू नका" म्हणालो तर मुसळ घेऊन मागे लागतील. मग त्याने जे केलं ते आमच्याच मुलखातल्या माणसाला सुचावं. त्याने वाघजाईच्या देवळात नारळ फोडला आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "पोरींनी कप आनायसाठी देवीचा उपास धरलाय. सकाली एक पिकलं केलं, सांजच्याला लिंबाचं पानी. शेवटच्या दिशी निर्जली." झालं! ज्या आया भाताच्या एका घासावरून भांडल्या असत्या, त्यांनीच घरातल्या टोपांवर झाकणं घट्ट केली. काकी तर वाडीभर सांगत फिरली, "माझ्या तनूने कडक धरलाय हो. पान्याला शिवत नाय." आणि मैदानावर विलासदादा आम्हाला हळूच सांगायचा, "देवीला काय, काट्याला कलतं. काटा खाली आला पायजे." भर उन्हात आम्ही पावसाळी प्लास्टिकचे कोट घालून खाचराभोवती पळायचो. तनू कोकमाचं सोल चघळून थुंकत राहायची, तेवढीच तोंडातली ओल जावी म्हणून.

आणि सामने कुठे होते? महाडला! ज्या महाडात पाण्याच्या हक्कासाठी माणसं चालत तळ्यावर गेली, त्या महाडात आमच्या पोरींनी कोरड्या घशाने पोचायचं! हे वाक्य आता मी पत्रकात छापते, आणि दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर जमणाऱ्या गर्दीत वाटते. तिथे लोक कागद घडी घालून खिशात टाकत नाहीत. उभे राहून वाचतात.

या सगळ्यात एकच पोर रोज पोटभर जेवून मैदानावर येत होती. रुबिना. खालच्या मोहल्ल्यातली, आमची डावी कोपरारक्षक. तिला वाघजाईचा उपास कसा सांगणार? म्हणून विलासदादाने तिच्या आईला, जुलेखाचाचीला, सांगितलं होतं, "तुमी रोजा समजा." चाचीकडे कोंबड्या होत्या, अंडी विकायला ती आमच्या वाडीत यायची आणि दारोदार टेकून बोलायची. त्या दुपारी ती आमच्या ओटीवर बसली, टोपली उतरवली आणि आईला म्हणाली, "वहिनी, एक इचारू? तुमच्या देवीने पोरींना उपाशी ठेवलंय का गो?"

"कप मिलायसाठी धरलाय त्यांनी," आई म्हणाली.

"विलास मला बोलला, रुबिनाचा रोजा समज. मी बोलले, रमजानला अजून वेल हाय, दादा. आणि रोजात सांजला पोट भरून खातात, लिंबाचं पानी दाखवून उठवत नाय कुनी. असला कसला रोजा तुजा? तर गाडीला किक मारून गेला. मग मला वाटलं, तुमच्यात असल."

आईने माझ्याकडे बघितलं. मला कुणी काही विचारलं की पोटात ठेवता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. मी सांगून टाकलं, "हा देवीचा नाय. काट्याचा हाय. वजन कमी करायसाठी." प्लास्टिकचे कोट सांगितले, थुंकणं सांगितलं, गिरणीतलं हसणं सांगितलं. आई ऐकत होती आणि तिच्या हातातलं विळीवरचं वांगं बारीक, आणखी बारीक होत चाललं होतं. मी अजून सांगतच होते, तेवढ्यात खालून खाचरातून तनूचा दम ऐकू आला. त्या दिवशी दादाची संध्याकाळची पाळी होती, म्हणून त्याने सराव दुपारीच लावला होता, आणि मी अजून उतरले नव्हते. "कबड्डी कबड्डी कब..." आणि तुटला. आम्ही तिघी थांबलो. पुन्हा सुरू होईल म्हणून वाट पाहिली. नाही झाला.

आम्ही धावत उतरलो तेव्हा तनू राखेच्या रेषेवर आडवी पडली होती आणि पोरी तिला ओढणीने वारा घालत होत्या. तिला कुणी पकडलं नव्हतं, कुणी शिवलं नव्हतं. समोरच्या संघात एकही हात उठला नव्हता, आणि ती पडली. विलासदादा पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा होता, पण देऊ की नको अशा चेहऱ्याने. आईने तो त्याच्या हातातून हिसकावला, तनूचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाजला. तनू घटाघटा प्यायली, डोळे उघडले आणि माझ्या आईला पहिलं वाक्य बोलली, "काकी, आता वजन वाढल."

विलासदादा कामावर जायला निघून गेला, म्हणजे पळालाच. पण खरी अडचण पुढे होती, आणि ती काकी होती. आरडाओरडा ऐकून धावत आलेली काकी रडत होती, तनूचे पाय चोळत होती, पण घास भरवायला तयार नव्हती. "नारल फुटलाय, वयनी. देवीला बोललेला उपास मधे मोडला तर? हे मुंबईला एकले हायत. उद्या काय झालं तर मी कुनाला तोंड दाखवू?" तिला हसू नका. मी तेव्हाही हसले नाही. खोट्या नारळाची भीती खरी असते, आणि तनूच्या तोंडाशी येणारा घास त्या भीतीने अडवला होता. उद्या निर्जळी, परवा महाड. आज जेवली नसती तर तनू त्या काट्यावर चढली असती आणि कुठे पडली असती, कोण जाणे.

आई उठली. "चल देवलात."

आमच्याकडे देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं काम पुरुषांचं. गुरव किंवा गावकीतला एखादा म्हातारा मोठ्या आवाजात देवीला सांगणार आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. त्या दिवशी बातमी ऐकून देवळात जमल्या होत्या त्या सगळ्या बायका. आईने पदर खोचला, घसा खाकरला आणि सुरू केलं. "बाय वाघजाई! तुझ्या नावाने पोरी उपाशी ठेवल्यानी. तू मागितला व्हतास उपास?"

आई मागे वळली. "तोंडं शिवलीत का? होय म्हाराजा म्हना."

"पन तिने मागितला नाय ना," एकजण कुजबुजली.

"मग नाय म्हाराजा म्हना!"

"नाय म्हाराजा," चार आवाज आले. जुलेखाचाची देवळाबाहेर आंब्याखाली टोपली धरून उभी होती. तिने आत डोकावून विचारलं, "वहिनी, मी काय म्हनू?" आई म्हणाली, "तू आमीन म्हन, तिला समद्या भाषा येतात." त्यावर देवळात जो हशा पिकला, त्याने काकीचंही तोंड जरा हललं.

"ह्यो उपास तुझा नव्ह, वजनकाट्याचा हाय," आई पुढे म्हणाली, आता जोरात. "काट्याला आमी हात जोडत नाय. तू आई हायेस. आईला पोराचं भरल्यालं ताट आवडतं. म्हनून आज आमी पोरींना जेवायला घालताव. आमी इचारत नाय, बाय, सांगताव. काय शिक्षा करायची ती आमच्यावर कर, पोरींवर नको. खोटा नारल फोडनाऱ्याच्या मोटारसायकलीची हवा काढ!"

"होय म्हाराजा!" या वेळी डोंगराने ऐकलं. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांहून मोठ्याने, काकीचा आवाज आला.

जेवण घरोघरी करायचं नाही, मैदानावरच करायचं ठरलं. वालाच्या शेंगा भरात होत्या. आईने पोपटी लावली. माठाच्या तळाशी भांबुर्ड्याचा उग्र वासाचा रानपाला, त्यावर शेंगा, वांगी, बटाटे, ओवा, मीठ, आणि जुलेखाचाचीची टोपलीभर अंडी. "पैशाचं बघू गो मागाहून," आई म्हणाली, तर चाची म्हणाली, "इकत कुनी दिलंय?" माठाचं तोंड पाल्याने गच्च बंद केलं, माठ उपडा ठेवला आणि भोवती पेंढा नि काटक्या पेटवल्या. अंधार पडता पडता सगळ्या खाचरावर भांबुर्ड्याचा तो वास पसरला. तो वास आला की मला आजही कुठलीही बैठक अर्धी सोडून उठावंसं वाटतं. माठावर पाणी शिंपडलं, चर्र वाजलं, "झाली!" म्हणून पोरी ओरडल्या. दोन बायकांनी फडक्यांत धरून माठ सुलटा केला, आणि वाफेत हात भाजत, फुंकत, शेंगा दातांनी ओढत आम्ही जेवलो. तनूसाठी काकीने घरून भाताचा टोपच आणला होता.

विलासदादाला कुणीतरी फोन केला असावा. अर्ध्या पाळीची रजा टाकून तो आला आणि मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडला, "अवो काकी! परवा वजन हाय! आता सगली मेहनत पान्यात!"

"पान्यातच घातली म्हनून पोर वाचली," आई म्हणाली. "बस खाली. हे घे पान."

"आमी पन असंच केलं होतं, काकी. थुकून थुकून वजन पाडलं. मी तर वजनाच्या रांगेत चक्कर येऊन पडलो होतो, तरी खेललो!" हे तो मोठ्या अभिमानाने सांगत होता.

"आन तुझ्या आईने काय केलं तवा?"

"तिला सांगितलंच नवतं," दादा म्हणाला. मग तो पानासमोर खाली बसला, एक शेंग सोलली आणि दाणे तनूच्या पानावर टाकले. "खुल्या गटात जायला लागल," तो शेवटी म्हणाला. "तिथं मोठ्या पोरी हायत. मारतील ह्यांना."

तोंडात भात असतानाच तनू म्हणाली, "मारू देत. पन मी जेवून जानार."

त्याच आगीपाशी बायकांनी दादाकडून कबूल करून घेतलं. पोरींचं वजन करायचंच झालं तर बंद खोलीत, बाईसमोर, आणि आकडा ओरडायचा नाही. परगावी जाताना दोन आया बरोबर. सरावात पाण्याची कळशी मैदानावर. माझी आजची सगळी पत्रकं त्या पोपटीच्या राखेतून उचललेली आहेत. फक्त भाषा मी बिघडवली.

महाडला आम्ही टेम्पोने गेलो. दोन आया ठरल्या होत्या, आल्या सगळ्या. खुल्या गटात दुसऱ्याच सामन्यात आम्ही सपाटून हरलो, ते आधीच सांगून टाकते. पण पहिला सामना! समोर कॉलेजच्या पोरी, एकेक आमच्या दीडपट. गुण बरोबरीला, आणि शेवटची चढाई तनूची. ती आत गेली, दम सुरू झाला, तो जुना, वाहता, डोंगराला आपटणारा दम. एकीला शिवली, वळली, तोच पाठीमागून घोटा पकडला गेला. मग दुसरी कमरेला, तिसरी खांद्यावर. तनू गुडघ्यावर आली. आमच्या बाजूने रुबिना ओरडत होती, "तने, ओढ!" आणि तनूने ओढलं. तिघींना अंगावर घेऊन, कोपरांवर, इंच इंच, दम न सोडता. बोटं मधल्या रेषेवर टेकली तेव्हा पंचाची शिट्टी कुणाला ऐकूच आली नाही. विलासदादा नाचत होता, आई माझ्या पाठीत गुद्दे मारत होती.

माइकवरचा निवेदक बेभान झाला होता. "काय ताकद! काय ताकद, मंडळी! पोलादपूरची वाघीण! अहो, या पोरीला घरी खायला घालता तरी काय?"

त्याने ते विचारायचं म्हणून विचारलं होतं. पण गर्दीत काकी उभी राहिली. वाडीबाहेर जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती आमची काकी, पदर सावरत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "भात! आन वालाचं बिरडं! मागल तेवडं!"

मैदान हसलं, टाळ्या पडल्या. निवेदकाला चेव आला. "वा, मावशी! आणि वजन किती हो लेकीचं?"

"तुला काय करायचंय रे मेल्या?" काकी म्हणाली, आणि खाली बसली.